कुंडीतला स्प्रूस दर एप्रिलला तपकिरी पडतोय? हिवाळ्याला शिव्या घालायच्या आधी हे वाचा

बर्फ वितळायला लागलं की आमच्या कॅनडातल्या कॅलगरीतल्या बोन्सायवेड्या मराठी मंडळींचे स्प्रूसबद्दल (ख्रिसमसचं झाड असतं ना, तसं सुयांचं झाड) मेसेज सुरू होतात आणि मेसेज दरवर्षी तोच असतो, फक्त फोटो बदलतो. "ताई, हिवाळाभर मस्त हिरवागार होता हो, आणि आता जरा ऊन पडलं तर आठ दिवसांत तपकिरी, हात लावला की सुया सडासडा गळतायत, चिनूकने, त्या हिवाळ्यातल्या गरम वाऱ्याने, मारला का? खत घालू का?"

खत घालू नका. कापू नका, कुंडी बदलू नका, उचलून घरात तर अजिबात आणू नका. पाच मिनिटं बसा आणि मागच्या जुलै-ऑगस्टमध्ये त्या झाडाचं काय काय केलंत ते आठवा, कारण बहुतेक वेळा गोची तिथे झालेली असते आणि बातमी तेवढी आत्ता आलीय.

स्प्रूसची ही खोड लक्षात ठेवा, तो दुखणं लपवतो. मोगरा किंवा टोमॅटो पाणी कमी पडलं की संध्याकाळी माना टाकतो, तुम्हाला कळतं. स्प्रूसच्या सुया कडक, वरून मेणाचा थर, त्या मान टाकतच नाहीत. विश्वास बसत नसेल तर डिसेंबरात लोक तोडून आणलेलं ख्रिसमसचं झाड घरात उभं करतात ते बघा, त्याला मुळं नाहीत, खाली नुसतं पाण्याचं भांडं, तरी तीन-चार आठवडे हिरवं राहतं की नाही? मग कुंडीतलं झाड हिरवं आहे म्हणजे मुळं ठीक आहेत असं कसं म्हणणार? ऑगस्टमध्ये मुळं गेलेला स्प्रूस थंडीत गोठून तसाच हिरवा उभा राहतो, एप्रिलमध्ये ऊन आलं, सुयांनी पाणी मागितलं, खाली द्यायला कोणी नाही, खेळ खल्लास. आणि आपण नाव घेतो हिवाळ्याचं.

माझं एकच झाड तीन वेळा असं तपकिरी पडलं, तिन्ही वेळा फोटो जवळजवळ सारखे आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं, म्हणून ही पोस्ट जरा लांबच होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी जिवंत आहे का ते बघा

नखाने फांदीची साल अगदी हलके खरवडा. खाली ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत, कोरडं तपकिरी दिसलं तर गेली. पण नुसत्या सालीवर जाऊ नका, साल बराच काळ हिरवी राहते आणि माणूस उगाच आशेवर राहतो. खरी परीक्षा डोळ्यांची, म्हणजे टोकाला आणि बाजूला जे बारीक तपकिरी कोंबाचे डोळे असतात त्यांची. दोन-तीन डोळे ब्लेडने उभे चिरून बघा, आत हिरवा ठिपका असला तर झाडाकडे अजून भांडवल आहे. आत भुसा असला तर त्या फांदीचं काही होणार नाही.

तपकिरी झालेली सुई परत हिरवी होत नाही, कधीच नाही. आणि सगळ्या सुया गेलेल्या जुन्या उघड्या फांदीवर स्प्रूस सहसा नवीन फुटवा काढत नाही, आपल्याकडचा वड-पिंपळ कसा बुंध्यालाही पालवी फोडतो तसं इथे धरून चालू नका. त्यामुळे फांदीवर थोड्या तरी हिरव्या सुया आणि जिवंत डोळे राहिले असतील तर त्या जिवापाड जपायच्या, मग डिझाइनमध्ये ती फांदी नको असली तरी.

एक खोटी घंटाही सांगून ठेवते. शरद ऋतूत आतल्या बाजूच्या सगळ्यात जुन्या सुया थोड्याफार पिवळ्या होऊन गळतात, टोकं ठणठणीत असतात, हे रोजचंच आहे. सुई गळली की डहाळीवर बारीक खुंट राहतो, त्यावरून बोट फिरवलं तर कानशीसारखं खरखरीत लागतं, स्प्रूसची ओळखच ती. ते बघून कीड लागली म्हणून घाबरू नका.

पहिलं वर्ष : लाल कोळी

झाड घेतलं २७ डिसेंबरला, अर्ध्या किमतीत. डिसेंबरमध्ये दुकानांत फूटभर उंचीची टोकदार, दाट, गोंडस झाडं लाल रिबिन बांधून विकायला ठेवतात ना, ती बहुतेक ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस असतात. गंमत बघा, हे झाड मूळचं आमच्या इथलंच. १९०४ मध्ये बॉस्टनच्या आर्नोल्ड आर्बोरेटमचे दोन वनस्पतीतज्ज्ञ, आल्फ्रेड रेडर आणि जॉन जॅक, लॅगन म्हणजे आत्ताच्या लेक लुईझजवळ फिरत होते, तिथे त्यांना पांढऱ्या स्प्रूसची ही बुटकी जात सापडली. कॅलगरीहून गाडीने दोन तास. म्हणजे बिचारं माहेरच्या गावात येऊन माझ्या हॉलमध्ये मरायला टेकलं.

कारण मी ते खिडकीत ठेवलं होतं, हीटिंगच्या जाळीच्या बरोब्बर वर. जानेवारीत इथे घरातली हवा इतकी कोरडी की स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात. त्या उबेत, त्या कोरड्या हवेत झाडाची झोप मोडली आणि दुकानातून फुकट आलेल्या कोळ्यांची चंगळ झाली. फेब्रुवारीत आतल्या बाजूच्या, खालच्या सुया निस्तेज, राखाडी, धूळ बसल्यासारख्या दिसायला लागल्या, मला वाटलं खरंच धूळ आहे, मी फडक्याने पुसली! एप्रिलपर्यंत अर्धं झाड तपकिरी.

गावाकडे वांग्या-भेंडीवर लाल कोळी ज्यांनी बघितलाय त्यांना हे लगेच समजेल, त्याचाच हा स्प्रूसवरचा भाऊबंद. तपासायची पद्धत सोपी. फांदीखाली पांढरा कागद धरा, फांदीवर दोन टपल्या मारा, कागदावर मिरीच्या पुडीसारखे कण पडतील, अर्धा मिनिट नुसतं बघत राहा. कण हळूहळू चालायला लागले की कोळी. बोटाने चिरडले तर हिरवट रेघ उमटते. सरसर पळणारे दिसले तर ते बहुतेक कोळी खाणारे कोळी, त्यांना मारू नका. आणि आतल्या फांद्यांत बारीक जाळी दिसायला लागली म्हणजे तुम्हाला उशीर झालाय.

इथे सगळ्यांची फसगत होते ती अशी की आपल्याला वाटतं कोळी म्हणजे कडक उन्हाळ्याचं दुखणं. स्प्रूसचा कोळी उलटा आहे, त्याला गारवा आवडतो, वसंतात आणि परत शरदात तो जोरात असतो, भर उन्हात मंदावतो. थंडी तो डहाळ्यांवर अंड्यांच्या रूपात काढतो. म्हणजे जूनमध्ये तपासलं, काही नाही, म्हणून ऑक्टोबरमध्ये तुम्ही निर्धास्त, आणि तो तेव्हाच जेवायला बसलेला.

उपाय म्हणाल तर पाणी. नळीला जोराचा फवारा लावा आणि खालून वर, आतल्या बाजूने, सुयांच्या बुडापर्यंत धुऊन काढा, कुंडीची माती प्लास्टिकने झाकून. पाच-सहा दिवसांनी परत, मग अजून एकदा, कारण अंडी धुऊन जात नाहीत, त्यातून निघणारी पिल्लं पकडायची असतात. मी तीनदा केलं आणि आवरलं. जास्त असेल तर कीटकनाशक साबणाचं पाणी सकाळी किंवा संध्याकाळी, उन्हात नाही. तेलाचे फवारे निळ्या स्प्रूसवर मारू नका, सुयांवरचा निळा मेणाचा थर निघून जातो आणि झाड साधं हिरवं दिसायला लागतं. आणि सरसकट सगळं मारणारं औषध आणून ओतू नका, त्याने आधी कोळ्यांचे शत्रू मरतात, मग कोळी दुप्पट जोमाने येतात.

आणि घरात ठेवायचं नाही ते नाहीच. स्प्रूसला थंडीतली झोप हवीच असते.

दुसरं वर्ष : कुंडी ओली, आत दुष्काळ

हे प्रकरण मला अजून बोचतं. झाड सावरलं, नवीन कोंब आले, आणि मी मे महिन्यात हौसेने रीपॉटिंग केलं. प्यूमिस (हलका सच्छिद्र दगड) आणि लाव्हा खडीचं छान निचरा होणारं मिश्रण. मुळांना धक्का नको म्हणून नर्सरीचा पीटचा (दलदलीतल्या कुजक्या शेवाळाच्या भुशाचा) मुळांभोवतीचा गड्डा मी जसाच्या तसा ठेवला आणि भोवती नवीन खडी भरली. एवढं शहाणपण केलं आणि तेच नडलं.

त्या उन्हाळ्यात सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. मी कामावर गेले की सकाळी तुळशीला पाणी घालतात तसं त्या स्प्रूसलाही न चुकता तांब्याभर घालायच्या, "अगं, कुंडीतलं झाड ते, त्याला कोण आहे आपल्याशिवाय." पुढच्या एप्रिलमध्ये झाड वरून खाली तपकिरी. नवरा हळूच म्हणाला, आईने जास्त पाणी घातलं असेल. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू.

झाड कुंडीतून काढलं तर बाहेरची खडी ओली, खालची ओली, आणि मधला पीटचा गड्डा चाकूने कापला तर आत कोरडा ठणठणीत, चुरला तर तंबाखूसारखा भुगा हातात आला. पीट एकदा पूर्ण वाळला की पाणी घेतच नाही, पाणी अंगावरून घरंगळून बाजूच्या खडीतून खाली निघून जातं. झाडाची सगळी मुळं त्या गड्ड्यात. रोज तांब्याभर पाणी पडत होतं आणि मुळं तहानेने गेली. सासूबाईंना त्याच रात्री व्हिडिओ कॉल करून सांगितलं, आई, तुमची काही चूक नव्हती. त्या म्हणाल्या, "मग मी तेच म्हणत होते ना!" म्हणत नव्हत्या, पण असो.

हे तपासायला बांबूची चॉपस्टिक घ्या. बुंध्याजवळ, गड्ड्यात तिरकी खोल खुपसा, दहा मिनिटांनी काढून बघा. ओली-गडद निघाली तर ठीक, कोरडी निघाली तर वरची माती कितीही ओली असू दे, आत दुष्काळ आहे. गड्डा सुकला असेल तर अख्खी कुंडी कडेपर्यंत पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, अर्धा तास लागतो कधी कधी. मग बाहेर काढून एका बाजूखाली वीट सरकवून कुंडी तिरकी करा, जास्तीचं पाणी खालच्या कोपऱ्यातून भराभर निथळतं. ही विटेची युक्ती उलट्या आजारातही, म्हणजे कुंडी कायम चिकचिक ओली राहत असेल तेव्हाही, तितकीच कामाची.

उलटा आजार म्हणजे मूळकूज. तिथे मुळं काळी, बोटात धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून येते, वास कुबट, नाली तुंबल्यासारखा. पण मुळांवर पांढरी जाळीदार बुरशी दिसली आणि वास पावसात भिजलेल्या मातीसारखा किंवा अळंबीसारखा आला तर तिला हात लावू नका. ती मुळांशी भागीदारी करणारी बुरशी आहे, झाडाला पाणी आणि अन्न मिळवायला मदत करते. एका ओळखीच्या गृहस्थांनी ती हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन स्वच्छ केली होती, पांढरंशुभ्र. पुढे काय झालं ते सांगत नाही.

तिसरं वर्ष : हलणारं झाड

तोपर्यंत मी पीटचा गड्डा एका बाजूने, फक्त एका बाजूने, काडीने मोकळा करून नवीन खडी भरली होती. दुसरी बाजू दोन वर्षांनी करायची असं ठरवून. स्प्रूसची मुळं एकदम उघडी करून धुवायची नसतात, पानगळीच्या झाडांना जे चालतं ते याला चालत नाही. सगळं नियमाने केलं, फक्त झाड कुंडीला तारेने बांधायचं राहिलं. म्हटलं, बसलंय घट्ट, काय होतंय.

कॅलगरीत ज्यांनी चिनूक पाहिलाय त्यांना सांगायला नको. पश्चिमेकडे ढगांची कमान दिसते, डोंगरावरून कोरडं गरम वारं सुटतं आणि सकाळी उणे वीस असलेलं तापमान संध्याकाळी शून्याच्या वर. त्या वाऱ्यात झाड महिनोन्‌महिने डुलत राहिलं. एप्रिलमध्ये तपकिरी पडल्यावर मी बुंध्याला अंगठ्याने हलकं ढकललं तर अख्खी माती वर उचलली गेली, म्हाताऱ्याचा दात हलावा तशी. नवीन फुटलेल्या केशमुळांची टोकं काचेच्या धाग्यासारखी नाजूक असतात, झाड जरा हललं की तुटतात, पुन्हा फुटतात, पुन्हा तुटतात. अंगठ्याची ही परीक्षा आज जाऊन करा, खरंच, बाकीची पोस्ट नंतर वाचा.

खुद्द चिनूकचं नुकसान वेगळं दिसतं. तेव्हा एकच बाजू करपते, ऊन-वारा लागणारी दक्षिण-पश्चिमेची, आणि बर्फात बुडालेला खालचा भाग हिरवागार राहतो, रेघ ओढल्यासारखा. माती गोठलेली, मुळं पाणी उचलू शकत नाहीत, वरून सुयांतलं पाणी वारं पळवतं. पण त्यात डोळे बहुतेक शाबूत असतात, जूनमध्ये नवीन कोंब येऊन अर्धं झाकलं जातं. त्याला घाबरायचं नाही. झाड सगळीकडून सारखं तपकिरी पडलं असेल तर मात्र मुळांकडे जा, आतून-खालून सुरुवात असेल तर कागद घेऊन कोळी शोधा.

मग सावरायचं कसं

कमीत कमी करून. हे लिहायला सोपं, करायला महाकठीण, कारण झाड आजारी दिसलं की हात शिवशिवतात. माझा आता घरातला कायदा आहे, एका वर्षात झाडाला एकच धक्का. रीपॉटिंग केलं त्या वर्षी फांद्या वळवायची वायर नाही, कापणी नाही. कोळी लागले त्या वर्षी रीपॉटिंग नाही. अपवाद फक्त मूळकूज किंवा सुकलेला गड्डा, तिथे थांबण्यात अर्थ नसतो, पण तेही डोळे फुगून त्यांची कागदी टोपी सैल व्हायला लागते तेव्हाच, आमच्याकडे साधारण मेच्या मध्यावर. मेलेली काळी मुळं तेवढी काढा, जिवंत मुळं न छाटता.

बोन्सायची उथळ कुंडी या झाडाला काही वर्षं विसरा. मी तिसऱ्या वर्षी ते सरळ भाजी धुवायच्या प्लास्टिकच्या चाळणीत लावलं, डॉलर दुकानातल्या. हसू नका, चारही बाजूंनी हवा लागते, मुळाचं टोक भोकाशी आलं की सुकून थांबतं आणि मागे नवीन फाटे फुटतात, बघता बघता आत केशमुळांचं जाळं. आणि चाळणीला भोकंच भोकं, तार ओवून झाड घट्ट बांधायला इतकी सोय दुसऱ्या कुठल्या कुंडीत नाही. बागेत जागा असेल तर जमिनीत लावून दोन वर्षं विसरून जाणं त्याहून चांगलं.

सकाळचं ऊन द्या, दुपारी दोननंतर सावली, वाऱ्याचा आडोसा. मुळं कमी आहेत तोवर सुयांवर दिवसातून एक-दोनदा पाण्याचा बारीक फवारा, पण माती चॉपस्टिकला विचारूनच भिजवायची. खत नवीन कोंब पूर्ण उघडून कडक झाल्याशिवाय नाही, मग तेही अर्ध्या ताकदीचं. आणि ते बी-वनचे थेंब, रूट टॉनिक वगैरे, माझ्या झाडांना त्याने काडीचा फरक पडलेला मी पाहिला नाही, पैसे वाचवा आणि चांगली खडी घ्या.

नवीन कोंब चिमटायचे नाहीत. हे सगळ्यात जिवावर येतं कारण मे-जूनमध्ये स्प्रूसचे कोंब रंगाच्या ब्रशसारखे, पोपटी, मऊ लुसलुशीत येतात आणि बोन्सायवाल्याची बोटं आपोआप तिकडे जातात. आजारी झाडाला तेवढंच अन्न करणारं हत्यार आहे, ते लांब वाढू द्या, आकार बिघडू द्या. जपानमधल्या ओमियाचे बोन्साय गुरू सबुरो कातो, ज्यांचं नाव तिकडच्या एझो स्प्रूसशी कायमचं जोडलं गेलंय, त्यांच्या नावातच सबुरी आहे असं मी आमच्या घोळक्यात म्हणत असते, जोक फारसा चालत नाही.

हिवाळ्याची सोय ऑक्टोबरमध्येच करा. पांढऱ्या स्प्रूसच्या फांद्या उणे चाळीस सोसतात पण मुळं नाही, जमिनीत त्यांना मातीची गोधडी असते, कुंडीत चारही बाजूंनी थंडी. मी घराच्या उत्तरेच्या भिंतीलगत कुंडी कडेपर्यंत मातीत पुरते, वर लाकडाच्या ढलप्यांचा वीतभर थर, आणि माती गोठायच्या आधी एकदा भरपूर पाणी. नंतर अंगणातलं बर्फ खोऱ्याने तिच्यावरच टाकते. जागा नसेल तर न तापवलेलं गॅरेज, शून्य ते चारच्या आसपास, तिथे अंधार चालतो, पण महिन्यातून एकदा हात लावून माती बघा.

पुण्याहून मावसभावाने विचारलंय की तिकडे स्प्रूस लावू का. नको रे बाबा. भारतातला स्प्रूस हिमाचल-उत्तराखंडात उंचावर असतो, हिमाचलात त्याला राई म्हणतात, पुण्याच्या एप्रिलमध्ये तो काय करणार. सुरू लाव, तसाच सुईसारखा दिसतो आणि कोकणच्या वाळूत उभा राहणारा गडी आहे.

माझं झाड आता चाळणीत तिसऱ्या वर्षात आहे. डावीकडच्या दोन फांद्या गेल्या त्या गेल्याच, त्यांची सालं काढून पांढरी जिन, म्हणजे शोभेची वाळकी फांदी, करीन कधीतरी. आकार म्हणाल तर झाडूसारखा. पण काल संध्याकाळी अंगठ्याने ढकलून बघितलं, तसूभर हललं नाही, आणि चाळणीच्या खालच्या भोकांतून पांढरी टोकं डोकावत होती, अकरा मोजली मी, मग नवऱ्याने जेवायला हाक मारली.